पुलापलीकडचा गुरुवार

नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. आमचे डॉक्टर विचारत, "कांजिण्या कधी आल्या होत्या?"

दवाखान्यात विचारत, तसंच लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत आणि भाजीवालीलाही विचारत. एकदा महाडच्या बाजारात त्यांची नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांशी ओळख करून दिली गेली. नमस्काराचे हात खाली यायच्या आतच डॉक्टरांनी प्रश्न टाकला. साहेब गोंधळून म्हणाले, "लहानपणी. का हो?" डॉक्टर समाधानानं म्हणाले, "काही नाही. म्हणजे तुमच्यात आहे अजून," आणि मिरच्या निवडायला लागले. साहेब संध्याकाळी बायकोला घेऊन दवाखान्यात हजर. काय आहे आणि कुठं आहे, हे त्यांना जेवणाआधी कळायला हवं होतं.

मी त्यांच्याकडे काम केलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. माझे वडील औद्योगिक वसाहतीत केमिस्ट होते. मी पनवेलला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले, बी.एस्सी. झाले आणि पुढचं ठरेपर्यंत महाडला येऊन राहिले. घरात मराठीच बोलायचो, पण शरीराबद्दलचं जे काही मला माहीत होतं ते सगळं इंग्रजीत होतं. त्यामुळे त्यातलं बरंचसं मी कुणालाच सांगू शकत नव्हते.

त्यांच्याकडे मी आधी पेशंट म्हणून गेले. परीक्षा आली, ताप आला, उन्हात फिरले, की माझ्या ओठाच्या डाव्या कडेला बारीक फोडांचा झुपका उठायचा. शाळेच्या ग्रंथालयातल्या जाड ज्ञानकोशात मी तो एकदा शोधला. शब्द सापडला. त्याच शब्दाखाली, त्याच पानावर, त्या रोगाच्या दुसऱ्या, कमरेखालच्या प्रकाराबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि परत जागेवर ठेवलं. तेव्हापासून फोड आले की तोंडावर रुमाल धरायचे आणि विचारलं तर दात दुखतो म्हणायचे. शेवटी आईचा संयम संपला आणि ती मला डॉक्टरांकडे घेऊन आली.

दवाखान्यात गादीची एकच खुर्ची होती आणि ती पेशंटची. डॉक्टर दिवसभर उभे असत. "मी बसलो की मला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळलंय," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "रुमाल."

मी रुमाल काढला. त्यांनी क्षणभर पाहिलं.

"लहानपणी कुठल्यातरी मावशीनं पापा घेतला असेल. संपलं."

मी खाली बघत, इंग्रजीत, तो पुस्तकातला शब्द उच्चारला आणि विचारलं, हा तोच का? डॉक्टरांनी मराठीतच उत्तर दिलं. "आडनाव तेच. घराणं मोठं आहे. तुझा हा ओठावरचा. कांजिण्यांचा तो याचा चुलत भाऊ. महाडात निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात हे दोघं राहतात. तुझ्या आईच्याही असणार. काय हो, कांजिण्या कधी आल्या होत्या?"

"मी पाचवीत असताना," आई म्हणाली. "पण हिचं बरं होईल ना कायमचं?"

"कायमचं नाही. गप होईल."

आईला हे अजिबात आवडलं नाही. 'बरं होईल' हे दोन शब्द ऐकायला माणूस पैसे मोजतो आणि डॉक्टर तेवढे सोडून सगळं देत. पण घरी परतताना मी रुमाल पर्समध्ये ठेवला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला: तुमच्या मुलीला मोठ्यानं इंग्रजी वाचता येतं का?

येत होतं. मोठ्यानं बोलता मात्र येत नव्हतं. पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

*

दर गुरुवारी डॉक्टर पोलादपूरला जात. एसटीत वाचलं की त्यांना मळमळायचं, म्हणून पोस्टानं आलेली वैद्यकीय मासिकं वाचायला मी. मी अगदी हळू वाचायचे. डॉक्टर ते ऐकून सबंध गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगायचे. पहिल्या गुरुवारी मला वाटलं, चालत्या गाडीतून उडी मारावी. गाडीतल्यांना मात्र सवय होती.

"ऐकलंत का? कांजिण्या गेल्या म्हणजे विषाणू गेला असं नाही. तो नसेच्या वाटेनं वर चढतो आणि पाठीच्या मणक्याशेजारी नसेची गाठ असते, तिच्यात जाऊन बसतो."

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "मग त्याला थितंच का नाय मारत?"

"तुझ्या नाचणीत डुक्कर शिरलं तर नाचणी जाळतोस?"

"येडा हाय काय? शेतातल्या माळ्यावर बसून डबं वाजवतो."

"झालं तर. नस जाळली तर परत उगवत नाही. म्हणून रक्तातल्या राखणदार पेशी त्या गाठीभोवती बसून राहतात. मारत नाहीत. नुसता डबा वाजवतात. त्याला डोकं वर काढू देत नाहीत. जन्मभर चालतं हे. माळ्यावरचा म्हातारा झाला, आजारी पडला, की त्याला डुलकी लागते. मग आलं डुक्कर खाली, गेलं होतं त्याच वाटेनं. एकाच नसेच्या पट्ट्यावर फोड. तीच आपली नागीण."

मागच्या बाकावरून एक बाई ओरडली, "मग म्हाताऱ्याला जागा कसा ठेवायचा, डाक्टर?"

"घरात नातवाला कांजिण्या आल्या की आजोबाला जवळ बसवा. चोर दिसला की राखणदार डोळे चोळून उठतो. पण आजोबाला आधी येऊन गेल्या असतील तरच हां. नाहीतर तोही झोपेल नातवाशेजारी. म्हणून तर मी सगळ्यांना विचारत फिरतो."

त्यांच्या प्रश्नामागे एवढा विचार होता हे मला त्या दिवशी कळलं. औषध कंपनीनं दिलेलं एक चित्र दवाखान्यात होतं. त्यात तलवारी घेतलेल्या पांढऱ्या पेशी विषाणूंवर धावून जात होत्या. डॉक्टरांनी ते उलटं करून टांगलं होतं. कुणी विचारलं तर म्हणत, "युद्ध कसलं? राखण आहे ती."

त्यांचं मूळ घर पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. लहानपणी ते खरोखरच माळ्यावर बसलेले होते.

*

पोलादपूरला जायचं कारण बुवा.

बुवा डोंगरातल्या एका वाडीत राहायचे आणि नागीण उतरवायचे. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस दगावतो, अशी सगळीकडे समजूत. बुवा मंत्र म्हणून फोडांच्या दोन्ही टोकांना कावेची, म्हणजे त्या लाल मातीची, रेघ ओढत. रेघ ओढली की नागीण पुढं सरकत नसे.

"त्याला शंभर टक्के गुण येतो," डॉक्टर सांगत. मग समोरच्या पेशंटची पाठ उघडी करून निळ्या बॉलपेननं मणक्यापासून बरगडीवरून छातीपर्यंत नस काढून दाखवत. "ही बघ. इथं मध्यावर आली की संपली. पलीकडची बाजू दुसऱ्या नसेची. नागीण ओलांडतच नाही मधली रेषा. बुवानं रेघ ओढली काय, न ओढली काय." पेशंट पाठीवर निळे नकाशे घेऊन घरी जात आणि बायका आमच्या नावानं बोटं मोडत बनियन घासत.

हे ते बुवांना मात्र कधी सांगत नसत. दोघांचा करार होता. बुवांनी फोडांवर पाला, शेण काही लावायचं नाही, रेघ बाहेरून ओढायची आणि माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडायचं. कारण गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाल्या तरच उपयोग. बदल्यात डॉक्टरांनी रेघेविरुद्ध आणि रेघेच्या पथ्याविरुद्ध चारचौघांत एक शब्द काढायचा नाही.

पथ्य असं होतं: रेघ ओढल्यापासून खपल्या पडेपर्यंत नदी ओलांडायची नाही. ओढे, वहाळ चालत. सावित्री चालत नसे. आणि महाड तर सावित्रीच्या पुलापलीकडे. म्हणून पोलादपूरच्या स्टँडमागे एका शिंप्याच्या दुकानाची मागची खोली डॉक्टरांनी घेतली. गुरुवार ठरलेला. एरवी एसटीडी बूथवरून बुवांचा फोन आला की हातातलं टाकून निघत. महाडातले इतर डॉक्टर हसायचे. पण नागिणीवर इतक्या वेळेत गोळ्या मिळणारी माणसं त्या डोंगरात दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात नव्हती, असं डॉक्टर म्हणत, आणि ते खरं असावं.

करार एकाच ठिकाणी अपुरा पडायचा. डोळ्याशी.

माझ्या तिथल्या पहिल्या पावसाळ्यानंतर यशोदा नावाची बाई शिंप्याच्या खोलीत आली. कपाळावर, एका बाजूला फोड, भोवती कावेची रेघ. डॉक्टरांनी तिचं नाक पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. नाकाच्या शेंड्यावर एक फोड होता. जी नस नाकाच्या शेंड्याला येते तीच डोळ्यालाही जाते.

"आज महाडला चल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी येतो बरोबर."

"रेघ वढलीय, डाक्टर. खपल्या पडू देत, मंग येते."

त्यांनी गोळ्या दिल्या, थेंब दिले. दर गुरुवारी हात जोडून सांगितलं. बाई ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि डोंगर चढून घरी जायची. खपल्या पडल्यावर ती खरंच पूल ओलांडून आली. तोवर डोळ्याच्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसं झालं होतं. त्या डोळ्यानं तिला पुढं कधी दिसलं नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी मला वाचायला सांगितलं नाही. मीच विचारलं, "सर, बुवांना सांगायचं ना?"

"सांगितलं तर तो माणसं पाठवायची बंद करेल. मग वेळेत येतात तीही यायची नाहीत." मग म्हणाले, "आणि शब्द दिलाय."

मला ते पटलं नव्हतं. तसं मी बोलले नाही. त्यांनाही ते पुरतं पटलं नसावं, कारण त्यानंतर बरेच दिवस त्यांनी कुणाला कांजिण्यांबद्दल विचारलं नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी बुवांची बायको शिंप्याच्या दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती.

"डाक्टर, आमच्या म्हाताऱ्यालाच झालीय."

आम्ही जीप करून गेलो. ओटीवर माणसं दाटली होती. बुवा भिंतीला टेकून बसले होते. उजव्या कपाळावर फोड, पापणी सुजून मिटलेली, आणि नाकाच्या शेंड्यावर दोन फोड. डॉक्टरांनी दारं लावायला सांगितली. कागदाच्या पट्टीनं डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळी काच लावलेला टॉर्च धरला. मी शेजारीच होते. बुबुळावर जिथं जखम होती तिथं हिरव्या रंगाच्या बारीक फांद्या उजळल्या. सुंदर दिसत होतं ते. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला.

"गोळ्या आत्ता घे. आणि महाडला चल माझ्याबरोबर. आत्ता."

"नदी हाय मधी," बुवा म्हणाले.

"डोळा जाईल तुझा."

"जाऊ दे. इतकी वर्सं लोकांना सांगितलं, आनि आता माज्यावर आली तर मीच पलीकडं जाऊ? ही सगळी बसलीत बघायला."

ओटीवरच्या सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर एक वाक्य बोलू शकत होते: नदीनं काही होत नाही. पण समोर चारचौघं होते. दिलेला शब्द नेमका त्याच ओटीवर आडवा पडला होता.

मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतक्या माणसांसमोर मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"बुवा, मलापण येतं. ओठावर. नागिणीच्या चुलत भावाचं. लहानपणापासून आहे, जाणारही नाही. आणि मी दर गुरुवारी नदी ओलांडते. फोड आलेले असतानासुद्धा."

मला वाटलं होतं, त्या ओटीवर काहीतरी कोसळेल. बुवांची बायको म्हणाली, "अगो, तो अंगातला ताप भायेर पडतो. मला पन येतो, दर साल आंबे सरताना." दुसरी कुणीतरी म्हणाली, तिच्या सुनेलाही येतो. माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

बुवा तर चिडलेच. "तुला कसला गो नियम? तुझी रेघ मी वढलीय काय? रेघ वढली की नियम लागतो. आदी नाय."

डॉक्टर एकदम वळले.

"आणि तुझी कुणी ओढली?"

बुवांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाय वढलेली," बायकोनं उत्तर दिलं. "सोताची सोताला चालत नाय. सकाळधरनं म्हंते, मी वढते, तर म्हंतो बायकांचा हात चालत नाय. आनि पोरगा बसलाय मुंबईत."

"म्हणजे रेघ नाही," डॉक्टर म्हणाले. "मग नियम कुठला?"

ओटीवर जरा कुजबुज झाली. एक म्हातारा हसून म्हणाला, "बुवा, डाक्टर नियमानंच बोलतोय की रं." बुवांनी त्याच्याकडे उघड्या डोळ्यानं रागानं पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "पैरन दे माजी. आनि मडक्यातली काव घे बांधून. तिकडची मला चालायची नाय."

*

जीपमध्ये बुवा डॉक्टरांशेजारी बसले होते, मी आणि काकी, म्हणजे बुवांची बायको, मागे. पूल आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सावित्रीला पाणी कमी होतं. बुवा खाली बघत होते.

"डाक्टर."

"बोल."

"यसोदा. तिला पन नाकावर फोड व्हता."

डॉक्टर समोर बघत राहिले.

"तिची रेघ मी वढलेली."

"हो."

"तू बोलला व्हतास तिला, म्हाडला चल म्हनून?"

"हो. दर गुरुवारी."

"मला का नाय बोललास?"

"तू माणसं पाठवायची बंद केली असतीस."

पूल संपला. जीप चढाला लागली. बुवा म्हणाले, "केली असती."



डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं आणि सांगितलं, रोज दाखवायला आणा, कमी होईपर्यंत गावी सोडू नका. हा खरा पेच होता. बुवांना दुसऱ्या दिवशीच घरी जायचं होतं. जनावरं होती, पेरणीच्या आधीची कामं होती. डॉक्टरांच्या घरच्या पडवीत त्यांची खाट टाकली, तरी ते पिशवी उशाशी घेऊन बसले होते. काकी त्यांना समजावून थकली.

"मग रेघ ओढूया का आता?" डॉक्टरांनी विचारलं.

बुवांनी मान वर केली. त्यांना आधी कळलं, मग मला कळलं. रेघ महाडात ओढली, तर खपल्या पडेपर्यंत नदी ओलांडता येणार नव्हती. म्हणजे महाडातच राहावं लागणार होतं.

"लय हुशार हायस," बुवा म्हणाले. त्यांनी पिशवीतून कावेची पुरचुंडी काढून दिली. "मंत्र मी म्हनतो. तू नुसता हात चालव."

मी वाटीत काव भिजवली. पुस्तकातली प्रत्येक नस पाठ असलेल्या त्या माणसानं बोट कावेत बुडवलं, पण कपाळाला ते जेमतेम टेकत होतं. बुवा एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, पुटपुटत होते. मध्येच थांबून म्हणाले, "अरे, दाबून वढ. नागीन हाय ती, गाय नाय." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाळाच्या मधोमध, नस जिथं संपते तिथं, केसांपासून भुवयांपर्यंत एक लाल रेघ ओढली. जरा वाकडी गेली.

बुवा खपल्या पडेपर्यंत पडवीत राहिले. डॉक्टरांच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते आपली रेघ दाखवत आणि ती किती वाईट काढली आहे ते सांगत. महाडात गवगवा झाला. एमबीबीएस झालेला माणूस नागीण उतरवायला लागला म्हणून लोक दवाखान्यात डोकावून जात. डॉक्टरांना त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही. बुवांचं कपाळ पुढं कित्येक महिने ठणकत होतं, डोक्याला मुंडासं सहन होत नव्हतं. डोळ्याच्या कडेला धुरकट डाग राहिला. पण त्या डोळ्यानं त्यांना दिसत होतं.

पाऊस सुरू झाल्यावर एका मंगळवारी सकाळी महाडच्या दवाखान्यात एक भिजलेली बाई आली. डोक्यावर इरलं, बरोबर नवरा. कपाळावर फोड, नाकाच्या शेंड्यावर एक. कावेचं कुठं नाव नाही. गादीच्या खुर्चीत बसायला ती तयार नव्हती, साडी ओली होती म्हणून. डॉक्टरांनी बसवलं.

"बुवाकडं गेलेलो," नवरा म्हणाला. "मंत्र म्हनला त्यानी. रेघ नाय वढली. म्हनला, आदी पूल ओलांडा, डोळा दाखवा, मंग रेघ डाक्टरकडून वढून घ्या. आनि खपल्या पडंपरेंत हिकडंच ऱ्हावा म्हनला, बिरवाडीला बहीन हाय माजी." त्यानं कमरेची पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली. "ही त्यानं दिलीय."

डॉक्टरांनी पुरचुंडी उचलून माझ्या हातात दिली. मग छत्री घेऊन त्या दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रांगेतल्या पेशंटना मी थांबायला सांगितलं. तासाभरानं ते तिला घेऊन परत आले, हात धुतले, बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "काव भिजव."